कप्तानची पंगत

१

कासिल्दा रोब्लेदोच्या हातच्या चटणीला सान गास्पारमध्ये सगळे टरकून असत. पाहुणा नवखा असला की पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून धारा लागायच्या, तो पाण्याच्या माठाकडे धावायचा, आणि भिंतीला टेकून बसलेली म्हातारी माणसं मांड्या थोपटून हसायची. लढाईच्या काळात कप्तानने म्हणे ह्याच चटणीवर अर्धमेली माणसं उठवून घोड्यावर बसवली होती. कासिल्दाला गावात नावाने कोणी हाक मारत नसे. लढाई संपून बरीच वर्षं लोटली होती, तिच्या वेणीत पांढरे केस आले होते, तरी ती कप्तानच राहिली होती.

त्या सकाळीही सगळं रोजचंच होतं. चुन्याच्या पाण्यात भिजवलेला मका तिने पाट्यावर वाटला, भाकऱ्या थापून तव्यावर टाकल्या, निखाऱ्यावर टोमॅटो आणि मिरच्या भाजून चटणी रगडली. ठसक्याने तिच्या नाकाला पाणी आलं. भाकऱ्यांची परडी, घेवड्याचं भांडं आणि चटणीचा वाडगा घेऊन ती पुढच्या खोलीत गेली. तिचा जावई लिब्रादो तिथे जेवायला बसला होता. त्याला शेतावर जायची घाई होती.

त्याने भाकरीचा तुकडा चटणीत बुडवला, खाल्ला आणि थांबला. पुन्हा बुडवला, ह्या वेळी चांगला बरबटून.

"कप्तान, आज आमच्यावर दया आली का काय?"

"का रे?"

"काही नाही. घरात बाळंतीण आहे, तर सगळ्यांनीच मिळमिळीत खायचं, असं समजून चालतो."

कासिल्दाने वाडग्यात बोट बुडवून चाटलं. तिखट नाही, मीठ नाही, भाजल्याचा खरपूस वासही नाही. ओलं फडकं चोखावं तसं. ती स्वयंपाकघरात परत गेली. पाट्याच्या कडेला चटणीचा थोडा लगदा चिकटून राहिला होता. तो तिने जिभेवर ठेवला आणि तिला असा ठसका लागला की डोळेच भरून आले.

चटणी तर एकाच पाट्यावरची. ती दारात उभी राहून कधी पाट्याकडे, कधी पुढच्या खोलीकडे बघत राहिली. "सर्दी झालीय तुला," ती स्वतःलाच म्हणाली, आणि भांडी घासायला बसली.

२

कासिल्दा काही जन्माने कप्तान नव्हती. ऊसमळ्याच्या मालकाने आधी गावचं पाणी तोडलं, मग जमीन गिळली. ज्यांनी तोंड उघडलं त्यांना सरकारी फौजेने बांधून, सक्तीचे शिपाई करून उत्तरेला नेलं. त्यात तिचा नवरा होता. तो परत आला नाही. पुढे एका सकाळी फौजेने गावच पेटवून दिलं, तेव्हा कासिल्दाने तान्ही अम्पारो शेजारच्या फ्रोसिनाच्या ओटीत घातली आणि ती डोंगरात बंडवाल्यांकडे निघून गेली. गेली होती भाकऱ्या भाजायला. नदीच्या उतारावर गोळीबार झाला, पुढचा माणूस पडला, तिने त्याची बंदूक उचलली. ती खाली ठेव असं तिला नंतर कोणी म्हटलं नाही.

तिच्या हाताखाली माणसं आली ती तिच्या नेमबाजीमुळे नव्हे. तिच्या तुकडीत एक रीत होती. जे काही खायला मिळेल, मूठभर मका असो की झाडाच्या शेंगा, ते सगळं एका घोंगडीवर ओतायचं, सगळ्यांनी भोवती बसायचं, आणि कप्तान "खा" म्हणेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. ती सारखे वाटे करायची आणि स्वतः शेवटी घ्यायची. दुसऱ्या तुकड्यांत दोन घासांवरून सुरे निघत, पण कासिल्दाच्या तुकडीत कधी आवाज चढला नाही. तिचा उजवा हात म्हणजे नाबोर, एक लांबोडक्या चेहऱ्याचा कुंभार. तो म्हणायचा, "आमची कप्तान मेल्यावरसुद्धा आम्हाला रांगेतच जेवायला लावेल."

शेवटच्या वर्षी फौजेने खालची सगळी शेतं जाळली. माणसांनी चामड्याचे पट्टे उकळून खाल्ले. तुकडी घळीत लपली होती. निम्मी माणसं तापाने फणफणलेली. कासिल्दा एकटीच खेचर घेऊन मका मागायला खाली उतरली. "इथेच थांबा, मी येते," असं सांगून गेली. मका मिळाला. ती परत आली तेव्हा कोणी गोळीने गेलं होतं, कोणी तापाने. मध्ये घोंगडी अंथरलेली होती. रिकामी.

तिने एकटीने सगळ्यांना पुरलं. तेव्हापासून दर वर्षी मेलेल्यांच्या सणाला ती खेचरावर जेवण लादून त्या घळीत जायची, घोंगडी अंथरायची, दिवसभर बसायची आणि परत यायची. मेलेली माणसं सणाला येतात, अन्नाचा वास आणि चव घेऊन जातात. उरलेला चोथा घरची माणसं दुसऱ्या दिवशी खातात. सान गास्पारमध्ये त्याचं कोणाला नवल नव्हतं.

ह्या वर्षी मात्र अम्पारोचे दिवस भरले होते. लेकीला सोडून डोंगरावर कसं जायचं? म्हणून कासिल्दाने पुढच्या खोलीतच चौरंग मांडला, राळेचा धूप पेटवला, आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातली. ती उंबऱ्यापासून थेट गावाबाहेर, डोंगराची पायवाट लागते तिथपर्यंत नेली, म्हणजे माणसं चुकायला नकोत.

फ्रोसिना गावची सुईण. ती अम्पारोला बघायला आली आणि दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अगं, आमच्या घरी एक म्हातारा सासरा येतो तर मला नको होतं. तू अख्खी पलटण बोलावलीस?"

"दमलेली माणसं आहेत. एक दिवस छपराखाली बसतील."

"बसू देत बाई. तुझं घर, तुझी पलटण."

त्याच दुपारी अम्पारोला कळा सुरू झाल्या. पुढच्या खोलीत धूप जळत होता आणि आतल्या खोलीत कासिल्दाचा नातू रडला. त्या गडबडीत पाकळ्या वाऱ्यानेच उडून गेल्या. सण संपला की माणसांना माघारी पोचवत त्या झाडायच्या असतात, पण त्या कोणी झाडल्या नाहीत.

३

काही दिवसांत घरात चवीबद्दल बोलणंच बंद झालं. लिब्रादो भाकऱ्या बांधून शेतावर नेऊ लागला. "तिथे बरं लागतं," एवढंच म्हणायचा, आणि सासूच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. कासिल्दाने मिरच्या वाढवल्या. मीठ वाढवलं. कॉफीत गुळाचा मोठा खडा टाकला. चुलीपाशी सगळं नीट असायचं. पुढच्या खोलीत वाडगा टेकवला की संपलं.

"तुझी जीभ म्हातारी झाली," फ्रोसिना म्हणाली.

"आणि जावयाची?"

"त्याला नाटकं करायला काय लागतं? पहिलं पोर झालेल्या बापाला भूक लागत नाही. नाही तर फार लागते."

हे कासिल्दाला पटलं. पटवून घेतलं म्हणा. घळीत असताना तापात माणसं काय काय बडबडायची, ते तिने ऐकलं होतं. ती स्वतः अशा गोष्टींना भीक घालणारी नव्हती.

मग एका सकाळी झाडताना तिला भिंत दिसली. सणाआधी लिब्रादोने त्या खोलीला चुना फासला होता. भिंती अजून डोळ्यांत खुपतील इतक्या पांढऱ्या होत्या. पण जमिनीपासून थोड्या उंचीवर, माणूस पाठ टेकून बसला की खांदे येतात तिथे, चुना घासून गेला होता. एका ठिकाणी नव्हे. एकाशेजारी एक, असे मळकट डाग भिंतीभर होते, आणि प्रत्येकाच्या वर डोकं टेकावं तिथे एक लहान तेलकट ठिपका. डाग कोपऱ्यात वळून दुसऱ्या भिंतीवर गेले होते, तिथून तिसऱ्या. अगदी पंगत बसावी तसे.

लिब्रादोचे मित्र बाळाला बघायला आले होते, पण ते अंगणातच पिऊन गेले होते. खोलीत येऊन एवढी माणसं बसली असती तर तिला कळलं नसतं?

तिने चुना कालवला आणि भिंती पुन्हा रंगवल्या. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला चुना वाळून खडखडीत झाला होता, आणि डाग होते तिथेच होते. ती खाली बसून ते निरखू लागली. दाराच्या डाव्या बाजूला, दोन डागांच्या मध्ये, एका माणसापुरती जागा स्वच्छ पांढरी होती.

डोंगरात रात्री मुक्काम पडला की कासिल्दा नेहमी वाटेच्या तोंडाशी, डाव्या हाताला बसायची. ती जागा तिची म्हणून कोणी घ्यायचं नाही.

ती उठली. गुडघा कटकन वाजला. बाहेर येऊन तिने हात धुतले. दोनदा धुतले.

४

त्यानंतर ती दुपारी त्या खोलीत जाईनाशी झाली. पण स्वयंपाकघराला आणि त्या खोलीला मध्ये एकच पातळ मातीची भिंत होती. ऊन चढलं, गल्लीतली कुत्री सावलीला पडली, कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या की पलीकडचं ऐकू यायचं.

बोलणं नव्हे. बोलणं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पुष्कळ माणसं एका खोलीत गप्प बसलेली असली की जे आवाज होतात ते. कोणी पाय आखडून घेतल्यावर वहाणेच्या चामड्याचा करकर आवाज. नाकातून सोडलेला श्वास. कोणाला तरी खोकला यायचा आणि तो हातात दाबला जायचा, शत्रू जवळ असताना दाबतात तसा. तो खोकला ऐकून तिच्या हातातली काठवट गळून पडली. पलीकडे सगळं एकदम थांबलं. मग हळूहळू श्वास पुन्हा सुरू झाले.

घुशी असतील, तिने ठरवलं. भिंत पोखरली असेल.

ती दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर खोलीकडे पाठ करून बसली. आत बघायचं धाडस तिला झालं नाही. सरकारी फौजेच्या तोफांसमोर उभी राहिलेली बाई ती. पण तोफ कुठे आहे हे तेव्हा दिसत तरी होतं.

पाठीला गारवा लागत होता. बाहेर एवढं ऊन असताना.

"काय हवंय रे तुम्हाला?" तिने अंगणाकडे बघतच विचारलं. "जेवलात ना सणाला? मग?"

 एकदाच, अगदी जवळ, तिच्या कानामागे कोणीतरी खोल श्वास आत ओढला. लांबलचक. शिजत्या भांड्यावरचं झाकण उघडल्यावर भुकेलं माणूस ओढतं तसा.

आतल्या खोलीत बाळ कुरकुरलं. तो श्वास मध्येच थांबला. खोलीभर सगळेच श्वास थांबले.

५

बाळ प्यायचं सोडून देत होतं. अम्पारोला दूध भरपूर होतं, कपडे भिजायचे, पण पोर दोन घोट घ्यायचं आणि तोंड फिरवायचं. रडायचंही नाही. अंगावरची कातडी सैल पडली होती.

फ्रोसिनाने त्याला तपासलं. पोट दाबून पाहिलं, टाळू पाहिली, जिभेखाली बोट घातलं. मग त्याच्या डोक्यावर नाक टेकवलं. तशीच राहिली. पुन्हा टेकवलं, मानेच्या वळीत, काखेत. तिचा तोंडाळपणा कुठच्या कुठे गेला.

"काय झालं, मावशी?" अम्पारोने विचारलं. तिला फ्रोसिनानेच लहानाचं मोठं केलं होतं. ह्या बाईचा चेहरा तिला वाचता यायचा.

"कधी न्हाऊ घातलंस ह्याला?"

"काल. का?"

"काही नाही." फ्रोसिनाने बाळ परत तिच्या कुशीत दिलं आणि कासिल्दाला खुणेने अंगणात बोलावलं.

"ह्याला वास नाही गं," ती हळूच म्हणाली. "तान्ह्या पोराला वास असतो. दुधाचा, डोक्याचा. इतकी पोरं माझ्या हातावर जन्मली, आजारी, अर्धी, मेलेलीसुद्धा. मेलेल्यालाही वास असतो. ह्याला काहीच नाही. कापसाच्या बोळ्याचा वास घ्यावा तसं."

"सर्दी झालीय तुला."

"मला सर्दी नाही, कासिल्दा."

तिने नावाने हाक मारली, तेव्हा कासिल्दाने पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"तू कुणाला घरात घेतलंस ते मला माहितीये," फ्रोसिना म्हणाली. "मी हसले तेव्हा. आता नाही हसत. चौरंगावरचं संपलं, चुलीवरचं संपतंय. भुकेला माणूस मग घरात आणखी काय आहे ते बघतो. तू त्यांना उठव. तुझं ऐकायचे ना ते?"

"माझ्या माणसांनी कधी पोराबाळाच्या तोंडचं घेतलं नाही, फ्रोसिना. एकदाही नाही. उपाशी मेली पण घेतलं नाही."

"जिवंत होते तेव्हा," फ्रोसिना म्हणाली.

कासिल्दा आत गेली. पुढच्या खोलीच्या दारात ताठ उभी राहिली, डोळे समोरच्या चौरंगावर ठेवून, आणि जुन्या आवाजात म्हणाली, "जेवण झालं. पांगा."

वहाणा करकरल्या. सगळीकडून एकदम, जणू सगळे तिच्याकडे वळून बसले. पण कोणी उठलं नाही.

"नाबोर! पांगा म्हणतेय मी!"

मागून अम्पारोचा आवाज आला. "आई, कुणाशी बोलतेस?" ती बाळाला घेऊन दारापाशी आली होती. कासिल्दाने वळून तिच्याकडे पाहिलं. पोराचं डोकं अम्पारोच्या खांद्यावर होतं, आणि टाळूवरची मऊ लव एका बाजूला, खोलीच्या दिशेला, हळूच ओढल्यासारखी उभी राहत होती. वारा नव्हता.

"मागे हो!" कासिल्दा ओरडली. "पोराला घेऊन फ्रोसिनाकडे जा. लगेच!"

तिने लेकीला जवळजवळ ढकललंच.

पण फ्रोसिनाच्या घरी संध्याकाळपर्यंत सुपाला चव राहिली नाही. ती स्वतःच येऊन सांगून गेली. दारात उभी राहिली, आत आली नाही.

६

सकाळी कासिल्दाने जुनी घोंगडी काढली, गवताची टोपी घातली, मक्याची कणसं पोत्यात भरली. खेचर बाहेर काढायला गेली तर ते थरथरत गोठ्याच्या कोपऱ्यात घुसलं. तिने पोतं पाठीवर घेतलं.

"गुडघा असा असताना वर जातेस?" अम्पारोने विचारलं. ती पहाटेच फ्रोसिनाकडून आली होती, बाळाला तिथेच निजवून; रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. "मी लिब्रादोला पाठवते सोबत."

"सोबत आहे मला," कासिल्दा म्हणाली.

ती पुढच्या खोलीच्या दारात गेली. आत पाऊल टाकलं, आणि दाराच्या डाव्या बाजूच्या त्या पांढऱ्या जागेवर, भिंतीला पाठ टेकून बसली. किती वेळ बसली ते तिलाही कळलं नाही. दोन्ही बाजूंनी खांद्यांना गार लागत होतं. मग ती उठली आणि म्हणाली, "चला. मका मिळालाय. घोंगडी वर अंथरायची."

तिने मागे पाहिलं नाही. गल्लीतून जाताना पुढची कुत्री भुंकत होती आणि मागची गप्प होत होती. ओढ्यापाशी ती दगडांवरून पलीकडे गेली, आणि तिच्यामागे दगड हलण्याचे आवाज आले, एकामागून एक, बराच वेळ. चढावर तिचा गुडघा भरून आला. ती टेकली की मागचं सगळं थांबायचं. एकदा तिचा तोल गेला तेव्हा कोणीतरी कोपराला धरून सावरलं. तिने "बरं" म्हटलं आणि चालू लागली. आपण नाबोरला नेहमी असंच म्हणायचो, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

घळीत ऊन सरळ उतरलं होतं. थडग्यांवरचे दगड गवतात बुडाले होते. तिने घोंगडी अंथरली, शेकोटी करून कणसं भाजली, दाणे सोलून मध्ये ओतले. वाटे केले. मान खाली घालूनच ती म्हणाली, "खा."

डोळ्यांच्या कडेला, घोंगडीच्या काठाशी, गुडघे दिसले. जुन्या पांढऱ्या विजारींचे, एकाशेजारी एक. हात पुढे आले आणि मागे गेले. ती मोजायला गेली नाही. मका तिथेच पडलेला होता, दाणाही कमी होत नव्हता, पण भाजल्याचा वास तिच्या नाकासमोरच विरत चालला होता.

शेवटी एक हात तिच्यापुढे आला. कुंभाराचा हात, नखांत वाळलेली माती. तळव्यावर चार दाणे. कप्तान शेवटी घेते, ही रीत.

मेलेल्याच्या हातचं घ्यायचं नाही, हे तिला कळत होतं. पण नाही म्हटलं असतं तर ते सगळे पुन्हा खाली आले असते. तिच्यामागे, त्याच दगडांवरून.

तिने दाणे उचलून तोंडात टाकले.

आणि चव आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. गोड, खमंग, जिभेच्या मुळापर्यंत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते चांगलं होतं. त्या भरातच तिची मान वर गेली.

नाबोर समोर बसला होता. टोपीच्या सावलीत डोळे दिसत नव्हते. पण लांबोडका, हाडं वर आलेला जो चेहरा तिने आपल्या हाताने मातीत ठेवला होता, तो तसा नव्हता. गाल भरले होते. फुगीर, गुलाबी, आणि त्यांच्यावर लव होती. तान्ह्या पोराच्या गालावर असते तशी.

तिने मान खाली घातली. "इथेच थांबा," ती म्हणाली. मग मोठ्याने पुन्हा म्हणाली. घोंगडी तिथेच टाकून ती उतरू लागली. मागे दगड वाजले नाहीत. ओढ्यापर्यंत ती कान देऊन ऐकत होती. एकही दगड वाजला नाही.

७

गावात शिरली तेव्हा उन्हं कलली होती. वाटेवरचं शेवटचं कुत्रं तिला बघून भुंकायला उठलं, मग मध्येच गप्प झालं आणि बाजूला सरकलं. कासिल्दाला ते जाणवलं नाही. तिला भूक लागली होती. पोटात नव्हे. छातीत, नाकाच्या मागे, कुठेतरी भलत्याच जागी.

फ्रोसिना धावतच गल्लीत आली.

"प्यायला लागलं गं! दुपारी एकदम तोंड उघडून रडलं, आणि नंतर लुटून घ्यावं तसं प्यायलं. माझ्या सुपाला चव आली. मी रडले बाई, कांद्याच्या वासाने रडले!" तिने कासिल्दाला मिठी मारली. आणि तिचे हात सैल पडले. तिने कासिल्दाच्या खांद्याशी नाक नेलं, थांबली, एक पाऊल मागे झाली.  पदराची टोकं बोटांत गुंडाळत राहिली.

"घरी जा तू," कासिल्दा तिला म्हणाली. "तुझी चूल बघ."

घरात चुलीवर घेवडा शिजत होता, लिब्रादो परतला होता, पुढच्या खोलीची दारं उघडी होती. भिंतीवरचे डाग अजून होते, पण ते नुसते डाग होते. लिब्रादो म्हणाला, "बसा, कप्तान, वाढतो मी," आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा सासूसाठी वाडगा भरला. तिने एक घास घेतला. ओलं फडकं. तिने वाडगा बाजूला ठेवला आणि दमले म्हणाली.

मग फ्रोसिनाकडून परत आलेली अम्पारो अंगणातून आली.

बाळाला तिने नुकतंच पाजलं होतं. ती दारात यायच्या आधीच कासिल्दाला वास आला. दुधाचा, ऊबदार टाळूचा, लाळेचा, त्या इवल्या मानेच्या वळीतल्या आंबूस घामाचा. अंगणभर अंतरावरून आला, एकेक वेगळा, एकेक ओळखता येईल असा. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. छाती आपोआप भरू लागली, लांबलचक, आणि त्याबरोबर बाळाच्या टाळूवरची लव हलली.

"बघ, आई, कसं टकमक बघतंय," अम्पारो हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती. "तुलाच ओळखतंय. घे ना. दिवसभर वाट बघत होतं. घे."

तिने पोराला पुढे केलं.

कासिल्दाने दोन्ही हात पाठीमागे नेले, बोटांत बोटं घट्ट अडकवली, आणि श्वास रोखून धरला.